मंगोल साम्राज्य : वेचून नेलेल्या माणसांचा इतिहास

जुनी_वही (धागाकर्ती)

मंगोलांवर चर्चा निघाली की ती दोन ठरलेल्या वाटांनी जाते. काहीजण मर्व, निशापूर, बगदादची नावं घेतात आणि कवट्यांच्या राशींपाशी थांबतात. काहीजण डाकचौक्या, निर्धोक व्यापारी रस्ते, सगळ्या धर्मांना दिलेली मोकळीक सांगतात आणि मंगोलांनी जग जोडलं असं म्हणून थांबतात. दोन्ही गोष्टी घडल्या आहेत. पण त्या एकाच साम्राज्यात, बहुतेक वेळा त्याच माणसांच्या हातून का घडल्या, यावर फारसं कुणी बोलत नाही. मला त्यामागे एक साधं कारण दिसतं. मंगोलांकडे घोडे होते, शिस्त होती, पण माणसं फार थोडी होती. म्हणून त्यांनी दुसऱ्यांची माणसं घेतली. त्यांच्या लुटीतला सगळ्यात मोलाचा जिन्नस सोनं किंवा रेशीम नव्हता, हाताला काम येत असलेला माणूस होता.

याची सुरुवात त्यांच्या स्वतःच्या माळावर झाली. ओनोन नदीच्या परिसरात ११६२ च्या सुमारास जन्मलेला तेमुजिन आठ-नऊ वर्षांचा असताना त्याच्या बापाला, येसुगेईला, तातारांनी विष घातलं. बाप गेल्यावर भाऊबंदांनी त्याची आई होएलुन आणि तिच्या पोरांना मागे टाकून तळ हलवला. पुढे त्याची बायको बोर्ते मेर्कित टोळीने पळवली. ज्याला मानलेला भाऊ केलं तो जमुखा वैरी झाला. कुळ आणि नातं यांवरच चालणाऱ्या समाजात नात्यानेच त्याला पुन्हा पुन्हा उघड्यावर टाकलं. त्याच्या पुढच्या राजकारणाचं मूळ मला इथे दिसतं. त्याचे सर्वात भरवशाचे सेनापती त्याच्या कुळातले नव्हते. सुबुताई उरियांखाई जमातीतला. जेबे तर आधी शत्रूच्या बाजूने लढत होता आणि तेमुजिनचा घोडा त्यानेच बाणाने पाडला होता.

१२०२ मध्ये तातार हरले तेव्हा गाड्याच्या चाकाच्या खिळीहून उंच असलेल्या पुरुषांना मारायचं ठरलं, उरलेले वाटून घेतले. पुढच्या वर्षी केरायत हरले. त्यांना मारलं नाही, पण एकत्रही राहू दिलं नाही, तुकड्या-तुकड्यांत विखरून टाकलं. १२०४ मध्ये नायमान हरले आणि त्यांच्या दरबारातला मुद्रा सांभाळणारा उइघुर कारभारी तातातुंगा कैद झाला. तेमुजिनने त्याला मारलं नाही, आपल्या पोरांना लिहायला शिकवायला लावलं. मंगोलांची लिपी आली ती अशी, एका कैद्याकडून.

१२०६ च्या कुरुलताईत, म्हणजे सरदारांच्या महासभेत, तो चंगीझखान झाला आणि सगळ्या माळाची फेरमांडणी झाली: दहा, शंभर, हजार, दहा हजार माणसांच्या तुकड्या. मंगोलांच्या 'गुप्त इतिहासा'त त्या वेळच्या ९५ हजारींचा उल्लेख आहे. काही निष्ठावंत टोळ्या आपल्या सरदाराखाली एकत्र राहिल्या, पण हरलेल्या टोळ्यांची बहुतेक माणसं वेगवेगळ्या हजारींत मिसळून टाकली. आपली तुकडी सोडून दुसरीत जाणाऱ्याला मृत्युदंड. आदल्या वर्षी जो तातार किंवा नायमान होता तो आता अमक्या हजारीचा माणूस झाला.

त्याच्या पोटच्या पोरांनी आणि नातवांनी पुढची साठ-सत्तर वर्षं हेच काम पिवळ्या समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत केलं, असं माझं म्हणणं आहे. टोळ्यांच्या जागी शहरं आली, पद्धत तीच राहिली: मोडायचं, मोजायचं, निवडायचं, वाटायचं.

ख्वारझमची, म्हणजे मध्य आशिया आणि इराणवर पसरलेल्या ख्वारझमशहाच्या राज्यावरची, मोहीम बघा. १२१८ मध्ये ओत्रारच्या सुभेदाराने साडेचारशे व्यापाऱ्यांचा मंगोल तांडा हेर ठरवून कापून काढला. जाब विचारायला आलेल्या वकिलालाही ख्वारझमशहाने मारलं. १२१९ च्या शेवटी चंगीझखान चालून आला. फेब्रुवारी १२२० मध्ये बुखारा, मार्चमध्ये समरकंद पडलं. त्यानंतर शहरामागून शहर एकाच रीतीने हाताळलेलं दिसतं. सगळ्या रहिवाशांना वेशीबाहेर मैदानावर आणायचं. कारागीर बाजूला काढायचे. धट्टीकट्टी तरुण पोरं पुढच्या शहराच्या वेढ्यासाठी हाकायची, खंदक बुजवायला आणि पहिले बाण झेलायला. या हाकलेल्या गर्दीला फारसीत 'हशर' म्हणत. बायका-पोरं वाटून घ्यायची. उरलेल्यांचं काय करायचं ते शहराने किती विरोध केला त्यावर ठरे.

मंगोलांच्या चाकरीतला फारसी इतिहासकार जुवैनी सांगतो की समरकंदमधून ३०,००० कारागीर वेचून खानाच्या मुलांमध्ये आणि नातलगांमध्ये वाटले. उरगेंचमधून एक लाखावर कारागीर पूर्वेकडे पाठवल्याचं तो लिहितो. आकडे फुगलेले धरले तरी प्रकार स्पष्ट आहे. आणि १२२१ मध्ये चंगीझखानाच्या धाकट्या मुलाने, तोलुईने, मर्व घेतलं तिथली नोंद मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते: सगळ्यांना मारण्याचा हुकूम झाला, फक्त ४०० कारागीर आणि काही मुलं-मुली वगळून. म्हणजे कत्तल करणारा आणि कारागीर जपणारा वेगळा नव्हता. एकाच दुपारी, एकाच मैदानावर, एकाच कारकुनाच्या यादीने दोन्ही झालं.

त्या वेचलेल्यांचा माग लागतो. हेरातचे विणकर बेशबालिकला, आजच्या शिंच्यांगमध्ये, नेले गेले. समरकंदचे विणकर त्याहून लांब, बीजिंगच्या वायव्येला सिमाली नावाच्या गावी वसवले गेले. इराणच्या मंगोल दरबारातला इतिहासकार रशीदुद्दीन लिहितो की त्या गावात बहुतेक लोक समरकंदचे होते आणि त्यांनी समरकंदसारख्या बागा लावल्या होत्या. तिथे ते सोन्याच्या तारेचं 'नसीज' कापड विणत. मंगोल दरबारात ते अंगावर मिरवलं जाई, आणि या जातीचं कापड युरोपातल्या राजघराण्यांपर्यंत आणि चर्चपर्यंत पोचलं. कलेच्या इतिहासात आपण याला 'देवाणघेवाण' म्हणतो. मला तो शब्द अपुरा वाटतो.

तुमची मतं, भर, विरोध, सगळं येऊ द्या.

रानवारा

धागा आवडला, वाचनखूण साठवली आहे. उदयाच्या भागात एका गोष्टीची भर घालते. मंगोलियातल्या जुन्या झाडांच्या वलयांवरून २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ११८० च्या दशकात कडक दुष्काळ आणि १२११ ते १२२५ या काळात सलग उबदार, ओली वर्षं दिसतात. दुष्काळात टोळ्या एकमेकींवर तुटून पडल्या, आणि नंतर नेमक्या बाहेरच्या मोहिमांच्या वर्षांत गवत भरपूर होतं. एकेका स्वाराबरोबर तीन-चार बदली घोडे. गवत म्हणजेच त्यांचं इंधन आणि रसद. पाऊस पडला म्हणून साम्राज्य झालं असं मी म्हणणार नाही, पण तेवढे घोडे पोसायला गवत कुठून आलं याचं उत्तर त्यातून मिळतं.

जुनी_वही

रानवारा, छान भर. हंगेरीतून १२४२ मध्ये मंगोल परत का फिरले, यातही काही अभ्यासक ओल्या हिवाळ्याने चिखल झालेली कुरणं धरतात. चंगीझखानाचा मुलगा आणि वारस ओगदेई डिसेंबर १२४१ मध्ये वारला हे नेहमीचं कारण आहेच.

कागदमोड

लेख मनापासून लिहिला आहे, पण मांडणी एकांगी वाटते. प्रत्येक प्रवासी कैदी नव्हता. व्हेनिसचे पोलो स्वखुशीने गेले. 'ओर्तोघ' व्यापारी, म्हणजे खानदानाचं भांडवल घेऊन व्यापार करणारे मुसलमान आणि उइघुर, गब्बर झाले. चीनच्या च्वानचौ बंदरात तमिळ व्यापारी होते. तिथे १२८१ चा तमिळ शिलालेख सापडला आहे, शिवमंदिराचा, आणि त्यात खानाच्या परवानगीचा उल्लेख आहे. हे लोक कुणी दोरीला बांधून नेले नव्हते.

शिवाय कारभार बघा. उत्तर चीन जिंकल्यावर काही सरदारांचं म्हणणं होतं की शेतकरी निरुपयोगी आहेत, जमीन मोकळी करून कुरण करा. खितान वंशाच्या येल्यू चूत्साईने ओगदेईला पटवलं की यांच्याकडून कर घेतला तर दरसाल चांदी, रेशीम, धान्य मिळेल. पुढच्याच वर्षी त्याने ते आणून दाखवलं. डाकचौक्या, पैझा नावाची धातूची पाटी दाखवली की ताजे घोडे, सगळ्या पंथांच्या पुरोहितांना करमाफी. चंगीझखानाचा नातू कुबलाई याच्या चीनमध्ये कागदी नोट चालत होती. हे सगळं शासन आहे, नुसती लूट नाही. तेराव्या शतकात दुसऱ्या कुठल्या राज्याने एवढं उभं केलं ते सांगा.

जुनी_वही

कागदमोड, शासन होतं हे मान्यच आहे, आणि येल्यू चूत्साईबद्दल मला नितांत आदर आहे. पण तो स्वतः उत्तर चीनच्या जिन राजवटीचा अधिकारी. १२१५ मध्ये जुंगदू, म्हणजे आजचं बीजिंग, पडलं तेव्हा तो वेढ्याच्या आत होता. तीन वर्षांनी खानाने बोलावून घेतल्यावर गेला. त्याने वाचवलेल्या लोकांची मोजणी बघा. १२०७ च्या जिन शिरगणतीत ७५ लाखांहून अधिक कुटुंबं होती. १२३६ च्या मंगोल मोजणीत सुमारे ११ लाख. सगळी मेली असं नाही. कितीतरी पळाली, लपली, कितीतरी सरदारांची खाजगी मालमत्ता होऊन सरकारी वहीबाहेर गेली. तरी या दोन आकड्यांमधलं अंतर बघून मला धडकी भरते.

पोलोंबद्दल: मार्कोचे वडील निकोलो आणि काका माफेओ पहिल्यांदा पूर्वेकडे गेले त्यात चंगीझखानाच्या नातवंडांच्या भांडणाचा हात होता. १२६२ मध्ये रशियाकडचा खान बेर्के आणि इराणमधला हुलागू यांच्यात युद्ध पेटलं, परतीचा रस्ता बंद झाला, आणि ते बुखाऱ्यात तीन वर्षं अडकले. तिथून कुबलाईकडे. व्यापारी स्वखुशीने फिरले हे बरोबरच, पण ते फिरले त्या रस्त्यांवरच्या चौक्या, सराया, घोडे तिथल्या कुटुंबांच्या सक्तीच्या सेवेवर चालत होते. डाकचौकीला नेमलेलं कुटुंब पिढीजात त्याच कामाला बांधलेलं असे.

कागदमोड

चौकीच्या कुटुंबांचा मुद्दा पटला. तरी ज्याला त्याच्या बापाने कधी पाहिली नसती अशी शहरं बघायला मिळाली, त्या माणसाच्या आयुष्यात नुसतं दुःखच होतं असं धरून चालणं हाही त्याच्यावर अन्यायच आहे.

चांदणवेल

कागदमोड यांच्या शेवटच्या वाक्याला धरून लिहिते, कारण मला यातल्या बायकांबद्दल बोलायचं आहे.

रुब्रुकचा विल्यम नावाचा फ्रान्सिस्कन साधू १२५४ मध्ये काराकोरमला होता. त्याला तिथे लोरेनमधल्या मेट्झ गावची पास्का नावाची बाई भेटली. ती हंगेरीत पकडली गेली होती. वाटेत तिने काढलेले हाल ऐकण्यापलीकडचे होते असं तो लिहितो. पण आता तिची स्थिती बरी होती. नवरा तरुण रशियन, घरं बांधण्यात तरबेज, आणि तीन गोड मुलगे. तिनेच विल्यमला पॅरिसच्या सोनाराबद्दल, गियोम बुशेबद्दल, सांगितलं. तोही बेलग्रेडला पकडलेला. तेव्हाचा खान मोंगके याच्या राजवाड्यासमोर त्याने चांदीचं झाड बनवलं होतं, ज्याच्या नळ्यांमधून द्राक्षाची दारू, घोडीच्या दुधाचं कुमिस, मधाची आणि तांदळाची दारू वाहत असे. माळावरच्या त्या लहानशा राजधानीत फ्रेंच सोनार, रशियन सुतार, चिनी कारागीर, फारसी कारकून शेजारी राहत होते. विल्यमने जर्मन कैद्यांचीही चौकशी केली. ते तलासहून हलवून दुसरीकडे सोनं खणायला आणि हत्यारं करायला लावले होते.

आणि फातिमा. इराणमधल्या तूस भागातून कैद होऊन काराकोरमला आलेली ही बाई ओगदेईची बायको तोरेगेने हिची सर्वात जवळची सल्लागार झाली. ओगदेईनंतर तोरेगेनेने १२४१ ते १२४६ साम्राज्य चालवलं, तेव्हा मोठमोठे वजीर फातिमाच्या शब्दावर चढत-उतरत होते. तोरेगेनेचा मुलगा गुयुक गादीवर येताच फातिमावर चेटकाचा आरोप ठेवून, छळ करून तिला मारलं. कैदेतून माणूस किती वर जाऊ शकतो आणि किती एकटा असतो हे दोन्ही तिच्यात दिसतं. पास्काचे मुलगे गोड होते, कागदमोड, हे मी तुमच्या बाजूने मांडते. पण तिला मेट्झला परत जायचं का, हे कुणी विचारलं नव्हतं.

धागाकर्तीने केरायतांचा उल्लेख केला आहे. त्याच हरलेल्या केरायत घराण्यातली सोर्खोख्तानी तोलुईची बायको झाली आणि मोंगके, कुबलाई, हुलागू, अरिक बोके या चौघांची आई. नवरा गेल्यावर ओगदेईने आपला मुलगा गुयुक याच्याशी लग्न सुचवलं, तिने नम्रपणे नाकारलं. १२५१ मध्ये तिच्या मोठ्या मुलाला खानपद मिळालं ते तिच्या वर्षानुवर्षांच्या मोर्चेबांधणीतून.

मावळतवाट

बगदादचा उल्लेख नुसता नावापुरता नको. फेब्रुवारी १२५८ मध्ये अब्बासी खिलाफत संपली. पाचशे वर्षांचं शहर. खलिफा मुस्तासिमला मारलं. मृतांचे आकडे लाखांपासून आठ लाखांपर्यंत सांगतात, मी त्यात पडत नाही. हुलागूच्या फौजेत चीनमधून आणलेली एक हजार कुटुंबं दगडफेकी यंत्रं आणि पेटतं तेल चालवणाऱ्यांची होती. तुमच्या मुद्द्याला हे धरूनच आहे: एका जिंकलेल्या देशाचे लोक दुसऱ्या देशाच्या तटबंदीवर.

त्याच वेढ्यात नासिरुद्दीन तूसी हुलागूच्या बाजूला होता. हा थोर गणिती दोन वर्षं आधी इस्माइली पंथाच्या आलमूत किल्ल्याहून हुलागूच्या हाती आला. बगदादची पुस्तकं वाचवून नेली, आणि १२५९ मध्ये मराघ्याला वेधशाळा उभी केली. तिथे सीरियापासून चीनपर्यंतचे ज्योतिषी होते. संगीताच्या वाचकांसाठी: सफीउद्दीन उर्मवी हा खलिफाचा संगीतकार आणि सुरांच्या शास्त्रातला मोठा माणूस. त्याने आपल्या मोहल्ल्यावर चालून आलेल्या मंगोल सरदाराचं आदरातिथ्य केलं, नजराणे दिले, गाणं-वाजवणं ऐकवलं आणि मोहल्ला वाचवला. नंतर तो जुवैनी घराण्याच्या आश्रयाला गेला.

मराघा वेधशाळेला मी कुठल्याही बाजूच्या खात्यात जमा करायला तयार नाही. ती तूसीने बांधली. मंगोलांनी पैसा दिला कारण हुलागूला भविष्य जाणून घ्यायचं होतं. तूसीला तारे मोजायचे होते.

जुनी_वही

मावळतवाट, शेवटचा परिच्छेद फार आवडला. त्याला जोडून: १२६७ मध्ये जमालुद्दीन नावाचा फारसी ज्योतिषी कुबलाईकडे वेधयंत्रं आणि पृथ्वीचा गोल घेऊन गेला, आणि चीनमध्ये इस्लामी ज्योतिषाची वेगळी कचेरीच सुरू झाली. उलट दिशेने दगडफेकी यंत्रांचंही झालं. दक्षिण चीनच्या सोंग राजवटीचं श्यांगयांग पाच वर्षांच्या वेढ्याला दाद देत नव्हतं. इस्माइल आणि अलाउद्दीन हे इराण-इराककडचे कारागीर बोलावून त्यांच्याकडून जड वजनाच्या प्रतिभाराने चालणारी यंत्रं करून घेतली, आणि १२७३ मध्ये ते पडलं. सहा वर्षांत सोंग राजवट संपली. चिनी यंत्रवाले बगदादला, इराणी यंत्रवाले चीनला, आणि मध्ये वीस वर्षंही नाहीत.

देवगड_ते_दौलताबाद

भारताचा मुद्दा राहिला. मंगोल भारतात आलेच नाहीत असं बऱ्याच जणांना वाटतं. नोव्हेंबर १२२१ मध्ये ख्वारझमशहाचा मुलगा जलालुद्दीन याचा पाठलाग करत चंगीझखान सिंधूपर्यंत आला. जलालुद्दीनने घोड्यासकट नदीत उडी घेतली आणि पार झाला. दिल्लीच्या इल्तुतमिशकडे आसरा मागितला, त्याने शहाणपणाने टाळला. १२४१ मध्ये लाहोर उद्ध्वस्त झालं. १२८५ मध्ये बलबनचा मुलगा मुहंमद मंगोलांशी लढताना पडला आणि त्याच्याबरोबर असलेला कवी अमीर खुसरो कैद झाला, नंतर सुटला.

खरी वेळ आली अलाउद्दीन खिलजीच्या राज्यात. १२९९ ला मंगोल सरदार कुतलुग ख्वाजा थेट दिल्लीजवळ किलीपर्यंत आला. १३०३ ला तरघीने दिल्लीला वेढा घातला आणि सुलतानाला सिरीत कोंडून घ्यावं लागलं. त्यानंतर तट दुरुस्त झाले, सरहद्दीवरचे किल्ले भरले गेले. बाजारभाव बांधून दिले गेले ते मोठी फौज थोड्या पगारात ठेवता यावी म्हणून, असं त्या काळचा इतिहासकार बरनी लिहितो. १३०५ आणि १३०६ मध्ये मंगोलांचे मोठे पराभव झाले.

आणि इथे आपण येतो. अलाउद्दीन गादीवर आला तोच १२९६ मध्ये रामचंद्रदेव यादवाच्या देवगिरीवर छापा घालून नेलेल्या संपत्तीच्या जोरावर. त्या पैशाने त्याने दिल्लीचे अमीर फोडले. पुढे खंडणी थकली म्हणून मलिक काफूर पुन्हा देवगिरीवर आला, आणि मग देवगिरीला तळ करून वारंगळ, द्वारसमुद्र. मंगोलांना रोखणाऱ्या त्या फौजेच्या पैशाची एक वाट दख्खनमधून जात होती. आपल्याकडे यादवांच्या पतनाची चर्चा नेहमी देवगिरीच्या तटापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. ती मध्य आशियातल्या चगताई मंगोल खानांच्या मोहिमांच्या शेजारी ठेवून वाचली पाहिजे, हे मी आग्रहाने सांगतो.

एक आणखी. जे मंगोल हरून किंवा शरण येऊन दिल्लीजवळ वसले ते 'नवमुस्लिम'. १२९९ मध्ये गुजरातच्या लुटीच्या वाटणीवरून त्यांनी जालोरजवळ बंड केलं, काहीजण रणथंबोरच्या हम्मीरदेवाकडे गेले. हम्मीरने त्यांना परत द्यायला नकार दिला. पुढे अलाउद्दीनने दिल्लीच्या नवमुस्लिमांची कत्तल करवली. माणसं वेचणारे स्वतः वेचले गेले.

सोपाऱ्याकडचा

देवगड_ते_दौलताबाद यांच्यासारखाच एक दुवा आमच्या बाजूचा. १३२१ मध्ये ठाण्याला चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर, आणि तिफ्लिसचा दिमित्री, जो दुभाष्या होता. ते मंगोल इराणमधून होर्मुझमार्गे समुद्राने चीनला, खानबालिकच्या, म्हणजे बीजिंगच्या, आर्चबिशपकडे निघाले होते आणि जहाज ठाण्याला लागलं. त्यांचा सोबती जोर्दानुस याने त्यांना सोपाऱ्याला पुरलं. थोड्याच काळाने पोर्देनोनेचा ओदोरिक आला, त्याने त्या अस्थी उकरून जहाजाने च्वानचौच्या मठात नेल्या. इटली, तिफ्लिस, ठाणं, सोपारा, च्वानचौ ही नावं एका प्रवासात येतात ती त्या काळामुळेच. मार्को पोलोही ठाण्याबद्दल लिहितो: राजाने चाच्यांशी ठरवलं होतं की पकडलेल्या जहाजातले घोडे राजाचे, बाकी माल त्यांचा. घोड्यांची केवढी ओढ होती ते यावरून कळतं.

हे साधू आपणहून निघाले होते, हे कागदमोड यांच्या बाजूने नोंदवतो.

निंबोणी

आणि प्लेग? किर्गिझस्तानात इसिक-कुल सरोवराजवळच्या एका ख्रिस्ती कबरस्तानात १३३८-३९ च्या कबरी एकदम वाढलेल्या दिसतात, काहींच्या दगडांवर सीरियाक लिपीत महामारीने मृत्यू असं कोरलं आहे. २०२२ मध्ये तिथल्या दातांमधून प्लेगच्या जंतूचा डीएनए मिळाला. १३४६ मध्ये जानीबेग खानाच्या फौजेने काळ्या समुद्रावरच्या काफाला वेढा घातला होता, तिथून पुढे जहाजांबरोबर रोग भूमध्य समुद्रात गेला. वेढा घालणाऱ्यांनी प्रेतं तटावरून आत फेकल्याची गोष्ट ज्याने लिहिली तो तिथे हजर नव्हता. उंदीर, पिसवा आणि धान्याची जहाजं एवढं पुरेसं आहे. रस्ते खुले झाले की त्यावरून कोण जातं हे खानाच्या पैझावर ठरत नाही.

रानवारा

हे सगळं वाचून एक प्रश्न. १३६८ मध्ये मिंग आले, मंगोल दरबार उत्तरेला पळाला. मग या हलवलेल्या लोकांचं काय झालं? सिमालीचे विणकर, खानाच्या पहाऱ्यावरचे कॉकेशसचे लोक, फारसी कारकून?

जुनी_वही

रानवारा, प्रत्येकाची वाट वेगळी. कॉकेशसमधल्या अलानांची 'असुद' नावाची पहाऱ्याची पलटण होती. त्यातले बरेच मंगोल दरबाराबरोबर माळावर गेले आणि असुद हे तिथल्या मंगोलांतच एक नाव होऊन राहिलं. जे चीनमध्ये राहिले त्यांच्यासाठी मिंग कायद्यात एक कलम होतं: मंगोल आणि पश्चिमेकडून आलेल्या लोकांनी आपसात लग्न करायचं नाही, चिनी घरात करायचं. दोन-तीन पिढ्यांत भाषा गेली. धर्म पुष्कळ ठिकाणी टिकला. चीनच्या आजच्या हुई मुसलमानांच्या पूर्वजांत हे लोक मोठ्या संख्येने आहेत.

चीनच्या नैऋत्येकडच्या युनान प्रांताचं उदाहरण देते. कुबलाईने १२७४ मध्ये तिथे सुभेदार म्हणून बुखाऱ्याच्या घराण्यातला सय्यद अजल शम्सुद्दीन नेमला. त्याचं घराणं चंगीझखानाच्या स्वारीच्या वेळी शरण आलं होतं. त्याने युनानमध्ये पाटबंधारे केले, मशिदी बांधल्या आणि कन्फ्यूशियसचं मंदिरही. त्याच्याबरोबर मध्य आशियातली कितीतरी कुटुंबं तिथे रुजली. मिंग फौजेने १३८१-८२ मध्ये युनान घेतलं तेव्हा अशाच एका मुसलमान कुटुंबातला दहा-अकरा वर्षांचा मुलगा पकडला गेला. त्याचे वडील आणि आजोबा दोघेही हाजी होते. त्याला खोजा करून राजपुत्राच्या चाकरीत दिलं. तो राजपुत्र पुढे योंगल सम्राट झाला आणि तो मुलगा म्हणजे आरमारप्रमुख झेंग ह. १४०५ पासून सात सफरी, पहिल्याच सफरीत कोळिकोड, नंतर होर्मुझ आणि आफ्रिकेचा किनारा.

मिंग मंगोलांचे वैरी होते, पण मुलं वेचून न्यायची पद्धत त्यांनी तशीच पुढे चालवली. आणि ज्याला त्यांनी वेचलं त्याचे पूर्वज शंभर वर्षांपूर्वी त्याच रीतीच्या कारभारात युनानला आले होते.